इकोमीटर पातळी वर दाखवतो, पंप मात्र अर्धाच भरतो: काय काय तपासायचं

इकोमीटर म्हणजे तेलविहिरीतल्या द्रवाची पातळी प्रतिध्वनीवरून काढणारं यंत्र. आधी लक्षणं बघा. सकर रॉड पंपाच्या, म्हणजे घोडा (वर-खाली डोलणारं पंपाचं यंत्र) लावलेल्या विहिरीवर ही पातळी, फ्लुइड लेव्हल, घेताना यांतलं काही दिसत असेल, तर पुढचं वाचा.

– पाच मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या दोन शॉटमध्ये (शॉट म्हणजे विहिरीत सोडलेला आवाजाचा धक्का) पातळी २०-३० मीटरने हलते.
– शॉटचा आवाज दणदणीत येतो, पण आलेखावर कॉलरच्या (विहिरीतल्या पाइपांच्या सांध्यांच्या) खुणाच नाहीत. सुरुवातीला थरथर आणि पुढे सपाट रेघ.
– पातळी वेड्यासारखी वर येते, जमिनीखाली १००-२०० मीटरवर. विहीर मात्र भरल्यासारखी वागत नाही.
– पातळी पंपाच्याही खाली निघते, आणि विहीर तर तेल देतेय.
– पंपावर पाचशे-सहाशे मीटर द्रव दिसतो, पण डायनो कार्ड (पंपाच्या दांड्यावरच्या भाराचा आलेख) म्हणतं पंप अर्धाच भरतो. सगळ्यात महागात पडणारं लक्षण हेच.
– सहा महिने पातळी मीटरलासुद्धा बदललेली नाही, आणि जीजीएसवर (आसपासच्या विहिरींचं तेल गोळा होतं त्या केंद्रावर) उत्पादन मात्र उतरतंय. (इथे मशीनच्या आधी रजिस्टर बघा. मागच्या महिन्याचा आकडा उतरवून काढणारे हात मी पाहिलेत.)

मी मूळचा खानदेशातला. सतरा वर्षं उत्तर गुजरातेत, मेहसाण्याच्या बाजूला विहिरींवर काढली. हा एकच बिघाड वेगवेगळ्या वेषात इतक्या वेळा भेटलाय, की आता गाडीतून उतरताना क्रम ठरलेला असतो: फुकट ते आधी, रिग (विहिरीतला पंप उपसून बदलणारं मोठं यंत्र) सगळ्यात शेवटी.

इकोमीटर मोजतो काय?

तो तेल मोजत नाही, वेळ मोजतो. केसिंग (विहिरीचा बाहेरचा पाइप) आणि ट्यूबिंग (तेल वर आणणारा आतला पाइप) यांच्यामधल्या पोकळीत, अॅन्युलसमध्ये, वरून दाबाचा एक धक्का सोडायचा. तो गॅसमधून खाली जातो, ट्यूबिंगच्या प्रत्येक कॉलरवरून थोडा थोडा परततो आणि द्रवावर आपटून जोरात परततो. वर बसवलेला मायक्रोफोन हे सगळं ऐकतो. पातळीपर्यंत किती कॉलर ते मोजा, एका ट्यूबिंगच्या सरासरी लांबीने गुणा, की खोली आली. आवाजाचा वेग सेकंदाला ३८० मीटर धरला आणि ट्यूबिंग सरासरी साडेनऊ मीटरचं असलं, तर सेकंदाला २० कॉलर दिसतात. पातळी ५६० मीटरवर असेल तर ५९ कॉलर, आणि प्रतिध्वनी २.९५ सेकंदांनी.

त्या खोलीवरून तळाचा दाब काढायचा आणि दाबावरून विहीर अजून किती देऊ शकते त्याचा अंदाज बांधायचा. म्हणजे पहिल्या पायरीची चूक पुढच्या प्रत्येक पायरीवर फुगत जाते. गुजरातेत अंकलेश्वरला तेल सापडलं १९६० साली आणि कलोलला १९६१ साली. एवढ्या जुन्या क्षेत्रांत कुठला पंप बदलायचा आणि कुठली विहीर तशीच ठेवायची हे बऱ्याचदा याच आकड्यावर ठरतं. मुंबई हायवरच्या मित्रांना यातलं बरंचसं परकं वाटेल; तिथे बहुतेक विहिरी गॅस लिफ्टवर आहेत, म्हणजे पंपाऐवजी खाली गॅस सोडून तेल वर आणतात.

१. विहिरीवरच्या ऑपरेटरला विचारा

खर्च शून्य. विचारायचं एवढंच: पंप कधीपासून सलग चालू आहे? आणि केसिंगचा व्हॉल्व्ह कुणी उघडला-मिटला का?

हे का विचारायचं त्याचा हिशोब बघा. साडेपाच इंची केसिंगमध्ये २ ७/८ इंची ट्यूबिंग असेल तर अॅन्युलसमध्ये मीटरला साधारण ८ लिटर मावतात. विहीर दिवसाला १२ घनमीटर देत असेल, तर तासाला ५०० लिटर. पंप थांबला की हा सगळा द्रव अॅन्युलसमध्ये चढायला लागतो. एका तासाच्या वीजकपातीत पातळी साठेक मीटर वर! आणि पंप परत सुरू झाला म्हणून ती लगेच खाली जात नाही, कारण पंपाची ताकद विहिरीच्या येण्यापेक्षा थोडीच जास्त असते. एकदा तीन शॉट घेतले, तिन्ही वेगळे. कॉर्ड बदलली, सिलिंडर बदलला. शेवटी खाटेवर बसलेला ऑपरेटर शांतपणे म्हणाला, "साहेब, राते लाइट गई'ती." तेव्हापासून आधी त्याच्याजवळ जातो, मग विहिरीजवळ.

चालू पातळी हवी असेल तर पंप किमान २४ तास सलग चाललेला हवा. नसेल तर डबा बंद करा आणि उद्या या. शॉट घेताना पंप थांबवायची गरज नसते. आवाज फार असेल तर क्षणभर थांबवा, लगेच शॉट मारा आणि परत चालू करा. "दहा मिनिटं थांबवून आरामात घेऊ" म्हणालात, की दहा मीटर गेलेच.

२. व्हॉल्व्ह, निपल आणि वरचा दीड मीटर

माझ्या अनुभवात निम्म्या तक्रारी इथे संपतात. खाली हजार मीटर विहीर असते, आणि घोळ असतो वरच्या दीड मीटरमध्ये.

गन (धक्का सोडणारा, मायक्रोफोन बसवलेला भाग) आणि अॅन्युलस यांच्यामधला व्हॉल्व्ह पूर्ण उघडा हवा. "उघडाच आहे" या शब्दावर विश्वास ठेवू नका, चाक स्वतः फिरवून शेवटापर्यंत नेऊन बघा. अर्ध्या उघड्या व्हॉल्व्हमधून धक्का जातानाही अडतो आणि परतणारा बारीक आवाज तर तिथेच मरतो. गन वेलहेडच्या, म्हणजे विहिरीच्या तोंडाच्या, जितकी जवळ तितकं चांगलं, मध्ये एल्बो जितके कमी तितके बरे. लांब पाइपाला दोन वळणं देऊन गन लावली की धक्का त्या पाइपातच घुमत राहतो. आलेखाच्या सुरुवातीची ती लांबलचक थरथर त्याचीच.

केसिंगमधून फ्लोलाइनला (तेल वाहून नेणाऱ्या पाइपाला) जाणारी बाजू शॉटपुरती बंद करायची. वाहत्या गॅसची सळसळ आणि चेक व्हॉल्व्हची कटकट मायक्रोफोनला स्पष्ट ऐकू येते, आणि त्या गोंगाटात खालचा प्रतिध्वनी हरवतो. काम झालं की ती बाजू परत उघडायची. विसरलात तर केसिंगचा दाब चढत राहील, पातळी पंपाच्या तोंडापर्यंत दाबली जाईल आणि रात्रीतून पंपात गॅस शिरेल.

एका विहिरीवर चार महिने "कॉलर दिसत नाहीत" असा शेरा लिहिला जात होता. आजूबाजूला एरंडाचं शेत, विहीर कोपऱ्यात एकटी. व्हॉल्व्ह उघडा, केबल नवी, सिलिंडर भरलेला. व्हॉल्व्ह मिटवून, दाब सोडून बाहेरचं निपल, म्हणजे पाइपाचा आखूड तुकडा, खोललं तर आत मातीचा गोळा. कुंभारीण माशीने घर बांधलेलं, बोटाच्या पेरांएवढे तीन कप्पे, आणि एका कप्प्यात अजून हिरवी अळी. निपलला बाहेरून टोपी नव्हती, एवढंच कारण. तारेने साफ केलं, पुढच्या शॉटला कॉलर मोजता येतील अशा सरळ उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून माझ्या पेटीत जास्तीच्या टोप्या असतात.

३. केबल, मायक्रोफोन, बॅटरी

दहा मिनिटांचं काम. गनवर पान्याने हलकीच टिचकी मारा. रेघ उडाली पाहिजे. मग केबल कनेक्टरजवळ वाकवून बघा. हलवताना रेघ नाचली तर तार आतून तुटली आहे, आणि ती जवळजवळ नेहमी कनेक्टरपाशीच तुटते, कारण गुंडाळताना सगळे तिथेच ओढतात. मायक्रोफोनवर तेल किंवा पाणी बसलं असेल तर पुसून कोरडा करा. जास्तीची केबल गाडीत असू द्या. ती नसली की अख्खा दिवस जातो.

४. धक्का पुरेसा आहे का?

गनच्या चेंबरमध्ये सिलिंडरमधून भरलेल्या गॅसचा दाब केसिंगच्या दाबापेक्षा चांगला जास्त हवा. मी १० ते १५ किलोंचा फरक ठेवतो (किलो म्हणजे आपला रोजचा किलो प्रति चौरस सेंटीमीटर). केसिंगवर जवळपास दाबच नसेल तर गॅस विरळ असतो आणि विरळ गॅसमधून आवाज नीट पोचत नाही. अशा वेळी केसिंग बंद करून दाब थोडा चढू द्या, पण मग पातळी हलली हे लक्षात ठेवा आणि तसं लिहा.

चेंबरमध्ये कार्बन डायऑक्साइड किंवा नायट्रोजनच भरायचा. हवा नाही, ऑक्सिजन तर कधीच नाही. केसिंगमध्ये हायड्रोकार्बन गॅस आहे. त्यात ऑक्सिजन सोडणं म्हणजे आपल्याच हाताने स्फोटाची तयारी.

५. कागदावरची ट्यूबिंग

पैसा लागत नाही, कपाट उघडावं लागतं. शेवटच्या वर्क-ओव्हरची (विहिरीच्या दुरुस्तीची) ट्यूबिंग टॅली, म्हणजे प्रत्येक ट्यूबिंगच्या लांबीची यादी, काढा. सरासरी लांबी ९.५ आहे की ९.३, याने ५९ कॉलरवर १२ मीटरचा फरक पडतो. मध्ये छोटे पप जॉइंट टाकले असतील तर मोजणी तिथे अडखळते. वर्क-ओव्हर झाल्यावर सॉफ्टवेअरमध्ये जुनीच टॅली राहिली, असं दर वर्षी कुठे ना कुठे होतं. पातळी "पंपाच्या खाली" निघाली तर बऱ्याचदा पंपाची खोलीच जुनी असते.

६. ही खूण द्रवाचीच आहे का?

इथपासून डोकं लागतं. जागा अरुंद झाली की प्रतिध्वनी एका दिशेने उसळतो, रुंद झाली की उलट दिशेने. द्रवाची पातळी आणि तेलातून पाइपाला धरलेल्या मेणाचा कडा दोन्ही एकाच दिशेचे, म्हणून फसगत होते. केसिंगला भोक असेल किंवा खाली जागा मोठी होत असेल तर खूण उलटी.

मेण ओळखायची सोपी युक्ती: त्या खुणेच्या पुढे बघा. द्रवाच्या पलीकडून काही येत नाही, येतात ते त्याच प्रतिध्वनीचे टप्पे, बरोबर दुप्पट, तिप्पट वेळेवर. १.१ सेकंदाला खूण असेल आणि २.२ ला, ३.३ ला तिचेच टप्पे असतील, आणि मधल्या जागेत कॉलर दिसत नसतील, तर पातळी बहुधा तीच. पण खुणेच्या पुढेही कॉलर चालू दिसल्या तर तो अर्धवट अडथळा आहे. खरी पातळी अजून खाली. १००-२०० मीटरवरच्या वेड्या पातळ्या बहुतांश याच असतात, कारण तेल वर येताना थंड होतं आणि मेण वरच्या भागातच बसतं.

७. आवाजाचा वेग

कॉलर शेवटपर्यंत मोजता येत असतील तर वेगाची चिंता नको, मोजणीच सगळं सांगते. पण कॉलर अर्ध्यातच विरल्या आणि पुढे सॉफ्टवेअरने ठरावीक वेग धरून खोली काढली, तर सावध. साध्या तापमानाला शुद्ध मिथेनमध्ये आवाज सेकंदाला सुमारे ४५० मीटर धावतो, हवेत ३४०च्या आसपास, कार्बन डायऑक्साइडमध्ये जेमतेम २७०. आपल्याकडे बलोल आणि सांथालच्या जड तेलाच्या क्षेत्रांत थरात हवा सोडून काही तेल आतच जाळतात, म्हणजे बाकीचं पातळ होऊन वाहतं. तिथल्या केसिंगमध्ये कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन भरपूर असतो. त्या विहिरीला दुसऱ्या क्षेत्रातला ३८० लावला, आणि खरा वेग ३३० असला, तर ५६० म्हणून सांगितलेली पातळी प्रत्यक्षात ४८७ वर असते. दिसताहेत तेवढ्या वरच्या कॉलर मोजा, त्यावरून त्या विहिरीचा स्वतःचा वेग काढा. शेजारच्या विहिरीचा उसना घेऊ नका.

८. पातळी खरी, पण ते तेल आहे का?

आतापर्यंतचं सगळं बरोबर निघालं, दोन शॉट जुळले, आणि तरी डायनो कार्ड म्हणतंय पंप अर्धा भरतो. मग मशीन खरं बोलतंय, आपण त्याचा अर्थ चुकीचा लावतोय. अॅन्युलसमध्ये गॅस सतत वर बुडबुडत असेल तर तो द्रवाला फुगवतो. दूध उतू जाताना पातेल्यात वर आलेलं सगळं दूध नसतं, तसंच.

एक विहीर जवळून दाखवतो. परफोरेशन (तेल आत येण्यासाठी केसिंगला पाडलेली भोकं) १२५० मीटरवर, पंप ११५० वर, पातळी ५६०, केसिंग दाब ६ किलो. पाण्याचं प्रमाण नगण्य, थराचा दाब सुमारे १०० किलो. तेलाची घनता ०.८५ धरली तर ६९० मीटर तेलाचा भार साडेअठ्ठावन्न किलो. त्यात केसिंगचा दाब आणि गॅसचा किरकोळ भार मिळवला की तळाला ६५. व्होगेलचं १९६८चं सूत्र लावलं (तळाचा दाब भागिले थराचा दाब हे गुणोत्तर, एकातून त्याची ०.२ पट आणि त्याच्या वर्गाची ०.८ पट वजा), तर विहीर कमाल क्षमतेच्या ५३ टक्केच देतेय. आजचे १२ घनमीटर, म्हणजे क्षमता साडेबावीस. कुणालाही मोह होईल. झाला. रिग आली, मोठा पंप उतरला, आठवडा गेला, उत्पादन होतं तिथेच राहिलं.

हे टाळायला दोन चाचण्या आहेत, आणि पहिलीला फक्त दहा मिनिटं लागतात. केसिंग बंद करून दाब किती चढतो ते बघा. या विहिरीत १० मिनिटांत ०.४ किलो चढला. ५६० मीटरच्या अॅन्युलसमध्ये साडेचार घनमीटर जागा आहे, म्हणजे ढोबळमानाने दिवसाला अडीचशे घनमीटर गॅस त्या द्रवातून वर येतोय. दाब हलतच नसेल तर द्रव शांत आहे, पातळीवर विश्वास ठेवा. असा भराभर चढत असेल तर ठेवू नका.

दुसरी चाचणी वॉकर पद्धतीची. तिला वेळ लागतो, बॅक प्रेशर व्हॉल्व्ह (दाब धरून ठेवणारा) लागतो आणि धीर लागतो. केसिंगचा दाब वाढवून धरायचा, उत्पादन स्थिर होऊ द्यायचं, परत शॉट. आम्ही ६ वरून १२ किलोवर नेला. नुसतं तेल असतं तर पातळी ७० मीटर दबली असती. ती दबली १४५ मीटर, ७०५ वर गेली. ६ किलोला १४५ मीटर, म्हणजे मीटरला ०.०४१, तेलाचा भार ०.०८५. अर्धाअधिक गॅस! परत हिशोब केला तर तळाचा दाब ६५ नाही, ३५ निघाला. व्होगेलने सांगितलं की विहीर क्षमतेच्या ८३ टक्के आधीच देतेय, कमाल साडेचौदा. ज्या साडेदहा घनमीटरसाठी रिग आणली, त्यातले आठ कधी नव्हतेच. उरलेले दोन-अडीच मिळवायचे तर मोठा पंप कामाचा नाही, पंपात शिरणारा गॅस वेगळा करायला हवा.

पाणी असलेल्या विहिरीत एक घोळ आणखी होतो. पंपाच्या वर अॅन्युलसमध्ये पाणी टिकत नाही, ते जड म्हणून खाली बसतं आणि पंपात जातं. वर तेलच साठतं. जीजीएसवर ६० टक्के पाणी दिसलं म्हणून अख्ख्या स्तंभाला पाणीमिश्रित घनता लावू नका. ती फक्त पंपाच्या खालच्या भागाला.

९. टेस्ट सेपरेटर

शेवटी विहीर टेस्ट सेपरेटरला (तेल, पाणी, गॅस वेगळं करून मोजणाऱ्या टाकीला) लावून प्रत्यक्ष मोजा. पातळीवरून आलेला अंदाज आणि टेस्टचा आकडा यांचं जमत नसेल तर टेस्टचं ऐका, आणि त्याच दिवशी शॉट व डायनो दोन्ही घ्या. वेगवेगळ्या आठवड्यांचे कागद एकमेकांशी जुळवण्यात अर्थ नसतो.

इथे हात थांबवा

हायड्रोजन सल्फाइडचा अलार्म वाजला (बहुतेक मीटर १० पीपीएमवर वाजतात) तर सामान तिथेच सोडा, वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पडा आणि सेफ्टीवाल्यांना बोलवा. "आता वास येत नाही" याचा अर्थ गॅस गेला असा नाही. १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं.

केसिंगचा दाब गनवर कोरलेल्या मर्यादेच्या जवळ असेल तर गन लावूच नका. व्हॉल्व्ह अडकला असेल किंवा आट्यांतून गॅस फुसफुसत असेल तर दाबाखाली पाना घालू नका. ते वेलहेडच्या माणसांचं काम आहे. कुंभारणीचं घर मी खोललं ते व्हॉल्व्ह मिटवून, दाब शून्य झाल्याची खात्री करून. त्या दिवशी व्हॉल्व्ह धरत नसता तर मीही तसाच परत आलो असतो.

मेणाचा अडथळा नक्की झाला, ट्यूबिंग गळतेय अशी शंका आली, किंवा आठव्या तपासणीनंतरही दाबाचा मेळ बसला नाही, तर पुढचं काम रिझर्व्हॉयर आणि वर्क-ओव्हरच्या लोकांचं. तळाला दाबाचा गेज सोडायचा की नाही ते त्यांना ठरवू द्या. त्यांना फोन करताना मात्र हे हाताशी ठेवा: दोन जुळणारे शॉट, दहा मिनिटांची दाबाची नोंद, त्याच दिवसाचं डायनो कार्ड, आणि पंप किती तास सलग चालला होता तो आकडा. शेवटचा आकडा ते पहिला विचारतात.